नेपल्सचा कडक घोट

नेपल्समध्ये एस्प्रेसोचा कप हातात घेताना पहिली जाणीव चवीची होत नाही, चटक्याची होते. काउंटरमागचा माणूस वाफाळत्या पाण्याच्या भांड्यातून कप बाहेर काढतो, यंत्राखाली ठेवतो, एक लांब दांडा खाली ओढतो आणि सोडून देतो. दांडा आपोआप, सावकाश वर जाऊ लागतो आणि कपाच्या तळाशी दोन-तीन घोट होतील एवढीच गडद कॉफी साचते. तिच्यावर तांबूस तपकिरी फेसाचा दाट थर असतो. शेजारी पाण्याचा छोटा ग्लास येतो. गिऱ्हाईक उभ्यानेच पाणी पितो, साखर ढवळतो, कॉफी संपवतो आणि कामाला लागतो.

इटलीत एस्प्रेसो सगळीकडे मिळते, पण ती सगळीकडे एकसारखी नसते. उत्तरेकडील त्रिएस्ते हे ऑस्ट्रियन साम्राज्याचे जुने बंदर. तिथे अरेबिका बियांची मऊ, सुगंधी कॉफी लोकांना आवडते. इली ही कंपनी तिथलीच, १९३३ ची. तोरिनो ही लावाझ्झाची जन्मभूमी; तिथली चव मध्यम आणि संतुलित. दक्षिणेकडे जावे तशी भाजणी गडद होते, कपातील द्रव कमी होतो आणि साखर वाढते. नेपल्स हे या दक्षिणी रीतीचे सर्वांत ठसठशीत रूप आहे.

या रीतीचे रहस्य काय, असे विचारले की प्रत्येक नेपल्सवासी वेगळे उत्तर देतो. कुणी पाण्याचे नाव घेतो, कुणी यंत्राचे, कुणी भाजणीचे, तर कुणी काउंटरमागच्या माणसाच्या हाताचे. मला वाटते, ही सगळी उत्तरे एकत्र घेतली तरच खरी ठरतात. नेपल्सच्या कॉफीत कोणतीही एक गोष्ट एकटी उभी नाही. बियांच्या निवडीतून भाजणी ठरते, भाजणीमुळे यंत्र ठरते, यंत्रामुळे घोटाची मात्रा ठरते आणि त्या घोटामुळे साखर आणि पाणी. यातली एक कडी काढली की साखळी तुटते. या प्रकरणात आपण ती साखळी कडीकडीने पाहू.

पालथ्या भांड्याचे शहर

नेपल्समधील कॉफीची आवड एस्प्रेसो यंत्रापेक्षा बरीच जुनी आहे. अठराव्या शतकात नेपल्स हे बूर्बों राजघराण्याची राजधानी होते. १७६८ मध्ये राजा फेर्दिनांदचा विवाह ऑस्ट्रियाच्या मारिया कारोलिनाशी झाला. व्हिएन्नात वाढलेल्या या राणीने दरबारात कॉफीची रीत रुजवली, असे श्रेय तिला दिले जाते. दरबारातून ती सरदारांच्या वाड्यांत गेली आणि पुढच्या शतकात गल्लीबोळांत उतरली. फिरते कॉफीविक्रेते पहाटे रस्त्यांवरून हाळी देत हिंडू लागले.

घरोघरी कॉफी पोचवली ती एका भांड्याने. पॅरिसमधील मोरीझ नावाच्या पत्राकारागिराने १८१९ च्या सुमारास उलटे करून वापरायचे कॉफीपात्र बनवले. फ्रान्समध्ये ते फारसे टिकले नाही, पण नेपल्सने ते असे आपलेसे केले की आज त्याला ‘नापोलेताना’ किंवा ‘कुक्कुमेल्ला’ याच नावाने ओळखतात. खालच्या भांड्यात पाणी, मध्ये जाळीच्या नळीत कॉफीची पूड आणि वर चोच असलेले भांडे पालथे बसवलेले, अशी त्याची रचना असते. पाण्याच्या भांड्याच्या कडेला एक बारीक छिद्र असते. त्यातून वाफ किंवा पाणी बाहेर येऊ लागले की सगळे पात्र विस्तवावरून उतरवायचे आणि उलटे करायचे. मग गरम पाणी स्वतःच्या वजनाने पुडीतून झिरपत खाली येते. आपल्याकडील मद्रासी फिल्टरचे तत्त्वही हेच. दाब नाही, घाई नाही, फक्त गुरुत्वाकर्षण. यात काही मिनिटे जातात आणि तेवढ्या वेळात सुगंध उडून जाऊ नये म्हणून चोचीवर कागदाची छोटी पुडी टोपीसारखी बसवतात. तिला ‘कोप्पेत्येल्लो’ म्हणतात.

या कागदी टोपीला रंगभूमीवर अमर केले ते नेपल्सचे महान नाटककार आणि नट एदुआर्दो दे फिलिप्पो यांनी. १९४५ मध्ये लिहिलेल्या ‘क्वेस्ती फांतास्मी’ या नाटकात पास्क्वाले लोयाकोनो हा नायक बाल्कनीत बसून समोरच्या घरातील, प्रेक्षकांना कधीच न दिसणाऱ्या प्राध्यापकाला कॉफी कशी करावी हे समजावून सांगतो. भाजणीचा रंग कसा हवा, टोपी कशासाठी, कॉफी स्वतः करण्यात समाधान का, हे सगळे त्यात येते. नाटकाचा नायक कर्जात आणि संकटांत बुडालेला आहे. जेवणानंतरची ही कॉफी एवढेच त्याच्या हाती उरलेले सुख आहे. इटलीत कॉफीविषयी बोलताना आजही या प्रवेशाचा दाखला दिला जातो.

दे फिलिप्पोंच्याच ‘नापोली मिलियोनारिया’ या १९४५ च्या नाटकातही कॉफी आहे, पण ती वेगळ्या रंगात. पहिला अंक १९४२ मध्ये घडतो. युद्धामुळे कॉफी दुर्मिळ झालेली आहे आणि दोन्ना आमालिया आपल्या एका खोलीच्या घरात सकाळी सकाळी शेजाऱ्यांना चोरून कॉफी विकते. ज्या शहरात बाँब पडत होते, अन्न रेशनवर होते, तिथेही लोक खऱ्या कॉफीच्या कपासाठी काळ्या बाजाराचा भाव मोजत होते. नेपल्समध्ये कॉफीला चैन मानत नाहीत, ते यावरूनच कळते.

पुढे पिएमोन्ते प्रांतातील आल्फोन्सो बियालेत्ती यांच्या कारखान्यात १९३३ मध्ये जन्मलेल्या मोका पात्राने घरांतून कुक्कुमेल्लाची जागा घेतली. मोकात वाफेच्या दाबाने पाणी वर चढते आणि कॉफी झटपट होते. तरी जुन्या भांड्याचा मान गेला नाही. नेपल्सचे वास्तुकार आणि डिझायनर रिकार्दो दालिझी यांनी शहरातील पत्राकारागिरांसोबत बसून या पात्राची अनेक नवी रूपे घडवली. या संशोधनाला १९८१ मध्ये ‘कोम्पासो दोरो’ हा इटलीतील डिझाइनचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि १९८७ मध्ये अलेस्सी कंपनीने दालिझींची नापोलेताना बाजारात आणली.

वाफ, स्प्रिंग आणि दांडा

एस्प्रेसोचा जन्म मात्र उत्तर इटलीत झाला. तोरिनोच्या अँजेलो मोरिओन्दो यांनी १८८४ मध्ये वाफेवर चालणाऱ्या कॉफीयंत्राचे पेटंट घेतले. मिलानच्या लुईजी बेझ्झेरा यांनी १९०१ मध्ये प्रत्येक गिऱ्हाइकासाठी स्वतंत्र कप काढणारे यंत्र आणले आणि देझिदेरिओ पाव्होनी यांनी ते पेटंट विकत घेऊन त्याचे उत्पादन सुरू केले. या यंत्रांमध्ये दाब वाफेचा होता, जेमतेम दीड बार. कॉफी झटपट मिळत होती, पण ती पातळ असे, वाफेने करपट लागे आणि तिच्यावर फेस नसे. आज ज्या फेसाशिवाय एस्प्रेसो ओळखता येत नाही, तो या यंत्रांच्या काळात अस्तित्वातच नव्हता.

तो आणला मिलानच्या आकिल्ले गाज्जा यांनी. वाफेऐवजी नुसत्या गरम पाण्याला दट्ट्याने दाबायचे, या कल्पनेवर त्यांनी १९३८ पासून काम केले आणि युद्ध संपल्यावर, १९४७ च्या सुमारास, स्प्रिंग आणि दांडा असलेले यंत्र तयार केले. दांडा खाली ओढला की स्प्रिंग दाबली जाते, दट्ट्या वर सरकतो आणि बॉयलरमधील पाणी कॉफीच्या पुडीवर उतरते. काही सेकंद पूड भिजते. दांडा सोडला की दाबलेली स्प्रिंग मोकळी होत दट्ट्याला खाली ढकलते आणि पाणी आठ-नऊ बारच्या दाबाने पुडीतून बाहेर पडते. एवढ्या दाबाने बियांतील तेल आणि कर्बवायू एकत्र येऊन फेस तयार होतो. लोकांना तो आधी विचित्र वाटला, म्हणून गाज्जांनी आपल्या यंत्रांवर ‘क्रेमा काफे’ असे अभिमानाने लिहिले.

१९६१ मध्ये फाएमा कंपनीचे ई-६१ हे यंत्र आले. त्यात विजेवर चालणारा पंप होता. दांडा ओढण्याचे कष्ट संपले, दाब सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा राहू लागला आणि जगभरच्या कॉफीघरांनी पंप स्वीकारला. नेपल्सने मात्र दांडा सोडला नाही. आजही तिथल्या कॉफीघरांत, म्हणजे बारमध्ये, तीन-चार दांडे ओळीने उभे असलेले यंत्र हेच सर्वसाधारण दृश्य आहे, आणि अशी यंत्रे बनवणारे कारखाने खुद्द नेपल्समध्येही आहेत.

ही निव्वळ सवय असती तर साठ वर्षे टिकली नसती. दांड्याच्या यंत्रात दाब सुरुवातीला जास्त असतो आणि स्प्रिंग मोकळी होत जाईल तसा उतरत जातो. कॉफी उतरताना चांगले घटक आधी येतात. शेवटी शेवटी कडवट, कोरडे घटक येऊ लागतात. नेमक्या त्या वेळी दाब सैल पडतो आणि तोपर्यंत पाण्याचे तापमानही थोडे खाली आलेले असते. गडद भाजलेली बी ठिसूळ आणि सच्छिद्र झालेली असते, पाण्यात पटकन उतरते. तिच्यावर शेवटपर्यंत पूर्ण दाब ठेवला तर कप कडू होतो. उतरत्या दाबाने तिचा दाटपणा मिळतो आणि कडवटपणाला आळा बसतो. दांडा नेपल्समध्ये टिकला, कारण नेपल्सच्या भाजणीला तोच मानवतो.

काळी भाजणी आणि रोबस्टा

नेपल्समध्ये चांगल्या भाजणीच्या रंगाला संन्याशाच्या झग्याचा रंग म्हणतात. हा गडद तपकिरी रंग मिळवायला बी उत्तरेपेक्षा अधिक वेळ भट्टीत राहते. या अवस्थेत बियांमधील आंबटपणा जवळजवळ जळून जातो, फुलांचे आणि फळांचे नाजूक गंध मागे पडतात आणि कोको, भाजलेले दाणे, जळकी साखर अशा जड चवी पुढे येतात. आंबट कॉफी नेपल्समध्ये बिघडलेली समजतात.

एकेकाळी ही भाजणी घरीच होई. कच्ची बी आणून, हाताने फिरवायच्या नळकांड्यात घालून बाल्कनीत कोळशावर भाजली जाई आणि तिचा वास साऱ्या गल्लीत पसरे. विसाव्या शतकात हे काम छोट्या-मोठ्या भाजणी कारखान्यांकडे गेले. किंबो ही आज देशभर पोचलेली कंपनी १९६३ मध्ये रुबिनो बंधूंनी नेपल्समध्ये सुरू केली. पास्सालाक्वा त्याहून जुनी, १९४८ ची. प्रत्येक कारखान्याचे स्वतःचे मिश्रण असते आणि नेपल्सवासी बारच्या पाटीवर कोणत्या कंपनीची कॉफी आहे हे पाहून आत शिरतो.

या मिश्रणांत रोबस्टाचा वाटा मोठा असतो, काहींत निम्म्याहून अधिक. कॉफीच्या दोन प्रमुख जाती. अरेबिका उंच डोंगरांवर वाढते. ती सुगंधी, किंचित आंबट आणि महाग. रोबस्टा कमी उंचीवर वाढते, रोगांना दाद देत नाही, उत्पन्न भरपूर देते. तिच्यात कॅफीन अरेबिकाच्या साधारण दुप्पट असते आणि चव कडक, मातकट. जगातील कॉफीतज्ज्ञ रोबस्टाला बहुधा खालच्या पायरीवर ठेवतात. पण एस्प्रेसोत तिचे काही गुण मोलाचे ठरतात. तिच्यात तेलाचे प्रमाण कमी असल्याने फेस दाट येतो आणि जास्त वेळ टिकतो. घोट जिभेवर जड लागतो. आणि गडद भाजणीत अरेबिका आपला सुगंध गमावून बसते, तेव्हा रोबस्टाचा कणखरपणा कपाला आधार देतो. शिवाय ती स्वस्त. बंदराच्या या कष्टकरी शहराला परवडणारी आणि तरीही अंगात जोम आणणारी कॉफी हवी होती. रोबस्टा तिथे गरजेपोटी आली आणि चवीचा भाग बनून राहिली.

या रोबस्टाचे एक टोक आपल्याकडे आहे. महाराष्ट्र आणि गोव्यातून दक्षिणेकडे उतरणाऱ्या सह्याद्रीच्या रांगांत, कोडगू, चिक्कमगळुरू आणि वायनाडमध्ये, झाडांच्या सावलीत जी कॉफी पिकते तिचा सर्वांत मोठा परदेशी ग्राहक अनेक वर्षे इटलीच आहे. भारताच्या एकूण कॉफी उत्पादनात सुमारे ७० टक्के वाटा रोबस्टाचा. पाण्यात धुऊन स्वच्छ प्रक्रिया केलेल्या भारतीय रोबस्टाला इटालियन भाजणीवाले मान देतात, कारण तिच्यातून कडकपणा मिळतो आणि चव तुलनेने नितळ राहते. इटलीच्या एस्प्रेसोतला दाट फेस कित्येकदा आपल्या पश्चिम घाटातून गेलेला असतो.

गरम कप, आधी पाणी, मग साखर

इटलीत एस्प्रेसोची प्रमाणे ठरवण्यासाठी १९९८ मध्ये एक राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिच्या प्रमाणानुसार ७ ग्रॅम पूड, ९ बार दाब, सुमारे २५ सेकंद आणि कपात २५ मिलिलिटर कॉफी. नेपल्सचा कप यापेक्षा आखूड असतो. २० मिलिलिटरच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही कमी. पाणी तेवढे कमी गेले की घट्टपणा वाढतो आणि शेवटचे कडवट थेंब कपात उतरतच नाहीत.

एवढा छोटा घोट थंड कपात पडला तर क्षणात कोमट होईल. म्हणूनच कप उकळत्या पाण्यात ठेवायची पद्धत. कपाच्या भिंती तापलेल्या असल्या की फेस बसत नाही आणि शेवटचा थेंबही गरम राहतो. नवखा माणूस ओठ भाजून घेतो. जाणता गिऱ्हाईक कप आधी थोडा फिरवतो, कडा निवू देतो आणि मगच ओठाला लावतो. ‘काल्दो, कारिको, कोमोदो’ म्हणजे गरम, कडक आणि निवांत, अशी तीन लक्षणे नेपल्समध्ये चांगल्या कॉफीची सांगितली जातात. पहिली दोन काउंटरमागच्या माणसाने सांभाळायची, तिसरे पिणाऱ्याने.

पाण्याचा ग्लास कॉफीच्या आधी प्यायचा असतो. तोंडात रेंगाळणारी आधीची चव धुऊन जीभ कोरी करणे हा त्याचा हेतू. कॉफीनंतर पाणी प्यायले तर चव पुसली जाते, आणि कॉफी आवडली नाही असा त्याचा अर्थ घेतला जाऊ शकतो. चांगल्या घोटाची चव बराच वेळ तोंडात राहावी, हीच अपेक्षा.

साखरेबद्दलही नेपल्सचे मत ठाम आहे. काही बारमध्ये कॉफी आधीच साखर घालून देतात. नको असेल तर ‘आमारो’, म्हणजे कडू, असे मागताना सांगावे लागते. घरी मोकावर कॉफी करताना पहिले काही थेंब साखरेवर घेऊन ते चमच्याने फेटतात. त्यातून फिकट रंगाची दाट ‘क्रेमिना’ तयार होते आणि ती प्रत्येक कपावर घातली जाते. साखरेने चूक झाकली जाते, असे उत्तरेकडील जाणकार म्हणतात. पण इतक्या गडद आणि इतक्या घट्ट कॉफीला साखर हा तिचा तोल आहे. तो तोल धरूनच भाजणी ठरवलेली असते. साखर वजा करून या कॉफीला गुण देणे म्हणजे अर्धा पदार्थ चाखून निकाल लावणे.

आणि नेपल्सचे पाणी? १८८४ च्या भीषण कॉलऱ्यानंतर, १८८५ मध्ये, सेरिनोच्या डोंगरी झऱ्यांचे पाणी नव्या जलवाहिनीने शहरात आले. आपली कॉफी या पाण्यामुळे चांगली लागते, अशी नेपल्सवासीयांची श्रद्धा आहे. शास्त्र एवढेच सांगते की पाण्यातील क्षार चवीवर परिणाम करतात. बायकार्बोनेट आंबटपणा दाबते, कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअममुळे चवीचे घटक पाण्यात उतरायला मदत होते. पाण्याला वाटा आहे, पण एकट्या पाण्याने ही कॉफी घडत नाही. तीच पूड घेऊन नेपल्सचा माणूस परगावी जातो आणि चव जुळत नाही अशी तक्रार करतो, तेव्हा त्याच्याबरोबर यंत्र, कप आणि तो हातही गेलेला नसतो.

उभ्याने, नाण्यांच्या किमतीत

कित्येक बारमध्ये आधी गल्ल्यावर पैसे द्यायचे, पावती घ्यायची आणि ती काउंटरवर ठेवून कॉफी मागायची. पावतीवर एखादे बारीक नाणे ठेवण्याची रीत आहे. ते कॉफी करणाऱ्यासाठी. काउंटरवर उभ्याने प्यायले तर कॉफी स्वस्त, टेबलावर बसून मागवली तर महाग. अनेक दशके काउंटरवरच्या कॉफीची किंमत इटलीत स्थानिक पातळीवर नियंत्रित राहिली, आणि एस्प्रेसो कुणालाही परवडली पाहिजे ही समजूत त्यातून पक्की झाली. अलीकडेपर्यंत नेपल्समध्ये ती एका युरोच्या आतबाहेर मिळत असे. किंमत दहा-वीस सेंटने वाढली तरी वर्तमानपत्रांत बातमी होते.

या काउंटरवर वकील, कोळी, विद्यार्थी आणि पोलीस खांद्याला खांदा लावून उभे राहतात आणि सगळ्यांना कॉफी तीच मिळते. शहरातील सर्वांत नामांकित कॉफीघर गाम्ब्रीनुस, १८६० चे, राजवाड्याशेजारी आहे. सोनेरी नक्षी, चित्रे आणि आरसे यांनी सजलेल्या या दालनांत लेखक, संगीतकार आणि राजकारणी जमत. १९३८ मध्ये फॅसिस्ट राजवटीच्या अधिकाऱ्याने ते बंद पाडले आणि जागा बँकेकडे गेली. १९७० च्या दशकात ते पुन्हा उघडले. त्या वैभवातही काउंटरवरची कॉफी उभ्यानेच पितात.

कॉफीभोवतीचे हे सगळे चित्र गोडच आहे असे मात्र नेपल्सने कधी मानले नाही. गायक पिनो दानिएले यांनी १९७७ च्या आपल्या पहिल्या अल्बममध्ये ‘ना ताझ्झुलेल्ला ए काफे’ हे गाणे गायले. लोकांच्या हाती एक छोटा कप देऊन त्यांना गप्प बसवले जाते आणि सत्ताधारी मात्र शहर खात राहतात, हा त्याचा आशय. जे शहर आपल्या लाडक्या पेयाकडेही असे डोळे उघडे ठेवून पाहते, त्याचे प्रेम आंधळे नाही.

दुसऱ्यासाठी भरलेले पैसे

नेपल्सने जगाला दिलेली कॉफीची सर्वांत सुंदर रीत म्हणजे ‘काफे सोस्पेझो’. गिऱ्हाईक एक कॉफी पितो आणि पैसे दोन कपांचे भरतो. दुसरा कप कुणा अनोळखी माणसासाठी शिल्लक राहतो. नंतर एखादा गरजू दारात येऊन विचारतो, कुणी कॉफी ठेवून गेले आहे का? असेल तर त्याला ती मिळते. तीच कॉफी, तसाच गरम कप, तोच पाण्याचा ग्लास. देणारा आणि घेणारा एकमेकांना कधी भेटत नाहीत, त्यामुळे उपकाराचे ओझे कुणावर राहत नाही.

ही रीत नेमकी कुणी सुरू केली याची नोंद नाही. ती गेल्या शतकातील कष्टकऱ्यांच्या बारमधून चालत आलेली आहे. शहराचे लेखक लुचानो दे क्रेशेंझो यांनी २००८ मध्ये आपल्या एका पुस्तकाला ‘इल काफे सोस्पेझो’ हेच नाव दिले. त्याच सुमारास आलेल्या आर्थिक मंदीत विस्मरणात चाललेल्या या रीतीला पुन्हा जोर आला आणि १० डिसेंबर हा तिचा दिवस म्हणून पाळला जाऊ लागला. गाम्ब्रीनुसच्या दाराशी एक भलेमोठे कॉफीपात्र ठेवलेले असते. त्यात लोक भरलेल्या कपांच्या पावत्या टाकतात. पुढे ही कल्पना पाव, पिझ्झा आणि पुस्तकांपर्यंत गेली आणि अनेक देशांतील कॉफीघरांनी ती उचलली.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे हे दान अन्नाचे नाही. पोट भरायला कॉफीचा काही उपयोग नाही. एक कप कॉफी आणि काउंटरवर इतरांच्या बरोबरीने उभे राहण्याचा हक्क माणसाला मिळालाच पाहिजे, असे या शहराने ठरवले आणि त्याची सोय केली.

आक्षेप आणि निकाल

नेपल्सच्या कॉफीवर टीका करणारे खुद्द इटलीतही कमी नाहीत. २०१४ मध्ये राय या सार्वजनिक वाहिनीच्या ‘रिपोर्ट’ या शोधपत्रकारितेच्या कार्यक्रमाने शहरातील बारची झाडाझडती घेतली. यंत्रे नीट साफ होत नाहीत, प्रत्येक कपाआधी तोटीतून थोडे पाणी सोडून जुने कण काढले जात नाहीत, बियांची तेले खवट होतात, कॉफी करपलेली लागते, असे आक्षेप त्यात होते. शहर संतापले. पण आक्षेप खोटे नव्हते. गडद भाजणीत तेल बियांच्या पृष्ठभागावर येते. बी लवकर वापरली नाही आणि दळणयंत्र रोज पुसले नाही तर खवटपणा येणारच. या रीतीला आळस परवडत नाही. हलक्या भाजणीपेक्षा इथे स्वच्छता आणि ताजेपणा जास्त लागतो. जे बार हे पाळतात त्यांचा कप आणि जे पाळत नाहीत त्यांचा कप यांत जमीनअस्मानाचे अंतर असते. शहरातील नव्या पिढीतील काही भाजणीवाले आता भाजणी थोडी हलकी करून, बियांचा उगम सांगून, जुन्या दांड्यावरच नवी चव शोधत आहेत.

नेपल्सच्या पिझ्झा बनवण्याच्या कलेला २०१७ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. त्यानंतर व्हेनिसपासून नेपल्सपर्यंतच्या एस्प्रेसो संस्कृतीचा प्रस्ताव पुढे आला आणि जानेवारी २०२२ मध्ये इटलीच्या कृषी मंत्रालयाने त्याला पाठिंबा दिला. पण त्या वर्षी देशाच्या युनेस्को समितीने ऑपेरा गायनाची निवड केली. कॉफीची शिफारस मागे राहिली. नेपल्सच्या काउंटरवर त्याने काही फरक पडला नाही.

जगभर आज हलक्या भाजणीच्या, एकाच मळ्याच्या, फळांचे गंध सांगणाऱ्या कॉफीचा बोलबाला आहे. त्या चवीचे निकष लावून नेपल्सचा कप मोजला तर तो नापास होईल. पण ती कॉफी शेतातील बी कशी होती हे सांगू पाहते; नेपल्सची कॉफी स्वस्त बी, तापलेले लोखंड, साखर आणि कसबी हात यांतून माणसे काय घडवू शकतात ते सांगते. दोन्हींना आपापली प्रतिष्ठा आहे. माझे मत स्पष्ट आहे: नीट काढलेला नेपल्सचा कप हे एस्प्रेसोचे मागासलेले रूप नाही. स्वतःचे नियम असलेली ती एक पूर्ण, विचारपूर्वक घडलेली रीत आहे आणि तिच्याच नियमांनी तिची पारख व्हायला हवी.

वाचकांपैकी कुणी कधी नेपल्सला गेले, तर टेबल शोधू नका. गल्ल्यावर पैसे भरा, काउंटरपाशी उभे राहा, दांड्याचे यंत्र आहे ना ते पाहा. आधी पाणी प्या. कपाची कडा निवू द्या. इतर वेळी साखर घेत नसलात तरी इथे एकदा घेऊन पाहा. नंतर पाणी पिऊ नका. आणि पैसे भरताना जमले तर दोन कपांचे भरा.